प्रोग्रामचे भाषांतर आणि आमच्या दुधाचा पगार

— द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या मुलीने संगणकाच्या प्रोग्रामवर लेख लिहावा याचे वर्गातल्या काहींना हसू येईल, आणि विज्ञान शाखेच्या मित्रमंडळींना तर ही आगळीकच वाटेल. त्यांची प्रारंभीच क्षमा मागते. मी प्रोग्रामर नाही, होण्याचा बेतही नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे २१६ रुपये एका भाषांतरात हरवले. ते शोधायला मी निघाले, आणि शोधता शोधता जे काही वाचले, चारजणांना विचारून समजून घेतले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते मत असे, की एका संगणकभाषेतला प्रोग्राम दुसऱ्या संगणकभाषेत नेणे हे काम आपण समजतो तितके यांत्रिक नाही. ते वाचनाचे आणि विचारपूस करण्याचे काम आहे, आणि आज ते बहुधा कोणालाही न विचारता उरकले जाते.

प्रथम हकीकत सांगते.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकले. कॉलेजची पायरी चढलेली घरात मी पहिलीच. घरी दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ गावातल्या दूध संस्थेत दूध घालायचे आणि दर दहा दिवसांनी पगार घ्यायचा. दुधाच्या बिलाला आमच्याकडे पगारच म्हणतात. माझी पुस्तके, एस.टी.चा पास आणि हा लेख ज्या वहीत लिहिला ती वही, सारे त्याच पगारातून येते. ऑगस्टमधल्या एका पगाराच्या कागदावर तीन संध्याकाळींपुढे फॅट ०.० आणि दर ३८ रुपये असे छापून आले. आमच्या दुधाला त्या दिवसांत ५४ रुपये दर लागत होता. संध्याकाळचे साडेचार लिटर, तीन संध्याकाळी, लिटरमागे १६ रुपये कमी. हिशेब करून पाहावा, २१६ होतात.

दादा संस्थेत गेले तेव्हा मी बरोबर होते. दादा म्हणाले, "तात्या, आमच्या म्हशींनी तीन सांजा नुसतं पाणीच दिलं म्हणा की!" तात्या म्हणजे संस्थेचे सचिव. माणूस सरळ. ते म्हणाले, "मी तरी काय करू? त्या तीन दिवशी लाईट नव्हती, बॅटरीबी उतरलेली. फॅट निघालं नाही म्हणून नेहमीसारखं शून्य टाकलं. आजवर असंच टाकत आलोय. आता नवा प्रोग्राम हाय, त्यानं काय केलं ते त्यालाच ठावं. पण कॉम्प्युटर चुकत न्हाई."

हे शेवटचे वाक्य मला फार लागले. आमच्या घरात आजवर तलाठ्याचा कागद चुकत नसे, बँकेचे पासबुक चुकत नसे, डॉक्टरची चिठ्ठी चुकत नसे. मी कॉलेजात कशासाठी जाते असे मला कोणी विचारले तर त्याचे खरे उत्तर हेच आहे, की एखादा कागद चुकू शकतो असे म्हणण्याचे धैर्य घरात कोणाला तरी यावे.

संस्थेचा जुना प्रोग्राम फॉक्सप्रो नावाच्या भाषेत होता. एके काळी पतसंस्था, दूध संस्था, दुकाने, सगळीकडे हिशेबाला हेच चाले. त्याची शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि २०१५ च्या जानेवारीत कंपनीने तिला आधार देणेही थांबवले. जुना संगणक कधी ना कधी बंद पडणार, तेव्हा संस्थेने सगळे नव्या भाषेत करून घेतले यात काही चूक नव्हती. तात्यांच्या कपाटात जुन्या प्रोग्रामची छापील प्रत होती. दोन्ही कडांना भोके असलेला तो लांबलचक घडीचा कागद. मी ती मागून घेतली आणि घरी ओट्यावर पसरली.

मला वाटले होते काहीच कळणार नाही. वस्तुत: फॉक्सप्रोची वाक्ये इंग्रजीच्या आज्ञार्थी वाक्यांसारखी असतात. अमुक वही उघड, अमुक असेल तर तमुक कर, संपले. आमच्या बाई कठीण कविता शिकवताना सांगतात, की पहिल्या वाचनात न कळलेल्या ओळींवर रेघ मारू नका, पुढे जा. मी तसेच केले. तिसऱ्या वाचनात ती जागा सापडली. फॅटचा रकाना 'एम्प्टी', म्हणजे रिकामा, असेल तर त्याच खातेदाराचे मागच्या वेळचे फॅट धरायचे, असा तो हुकूम होता. त्याच्या वर चांदणीचे चिन्ह काढून रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी ओळ होती : वीज नसेल तर ० टाकणे, मागचे फॅट धरणे.

आता गोम अशी, की फॉक्सप्रोत शून्यालाही रिकामेच समजतात. नव्या भाषेत, तिचे नाव सी शार्प, शून्य वेगळे आणि काहीच नसणे वेगळे. भाषांतरात 'रिकामे असेल तर' याचे 'काहीच नसेल तर' असे झाले. शब्दाला शब्द बरोबर! परंतु तात्यांनी टाकलेले शून्य त्या अटीतून निसटले आणि दरपत्रकाच्या सर्वांत खालच्या दरात जाऊन पडले. गुणपत्रिकेवर शून्य आणि गैरहजर यांत जो फरक तोच हा. परीक्षेला न बसलेल्याला शून्य गुण मिळाले असे कोणी म्हटले तर आपण भांडू की नाही?

नवा प्रोग्राम करून देणाऱ्या गृहस्थांना तात्यांच्या फोनवरून मी विचारले. तरुण होते, बोलायला सौजन्यशील. त्यांनी जुना प्रोग्राम एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला दिला होता आणि हजारो ओळींचे काम तीन दिवसांत झाले होते. चांदणीच्या ओळींचे काय केले, असे विचारता ते म्हणाले, "त्या ओळींनी प्रोग्राम चालत नाही. म्हणून त्या आधीच काढून टाकल्या."

हे वाक्य नीट पाहावे. तांत्रिकदृष्ट्या ते शंभर टक्के खरे आहे. संगणक चांदणीची ओळ वाचतच नाही, ती माणसासाठी असते. पण भाषांतर करणारा जर माणूस असेल, किंवा माणसाच्या वतीने काम करणारे यंत्र असेल, तर त्याच्यासाठी त्याच ओळी सर्वांत मोलाच्या नव्हेत काय?

या प्रसंगानंतर मी या विषयावर जमेल तसे वाचू लागले. बी.सी.ए. करणाऱ्या एका मैत्रिणीने पुष्कळ समजावून दिले. तेव्हा ध्यानात आले की आमच्या गावात घडले ते काही नवे नाही. हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की तिचा अर्थ बदलतो. हिंदीत शिक्षा घेऊन माणूस शहाणा होतो, मराठीत शिक्षा घेऊन तुरुंगात जातो. संगणकभाषांतही असे फसवे शब्द आहेत. 'राउंड' हा त्यांतला एक. फॉक्सप्रोत अर्धा पैसा उरला की तो वर चढवतात, जसे आपण शाळेत शिकलो. सी शार्पमध्ये काही वेगळे सांगितले नाही तर अर्धा उरल्यावर जवळची सम संख्या घेतात. म्हणजे अडीच लिटर दूध ५४ रुपये २५ पैसे दराने १३५.६२५ रुपयांचे झाले, तर जुना प्रोग्राम १३५.६३ देई आणि नवा १३५.६२ देतो. दर ५४ रुपये १५ पैसे असेल तर १३५.३७५ होतात आणि दोघेही १३५.३८ देतात! त्यामुळे तपासणारा एखादे उदाहरण करून पाहील तर त्याला दोन्ही प्रोग्राम सारखेच वाटण्याचा संभव आहे. आता एका पैशाने कोणी गरीब होत नाही हे मला मान्य आहे. दादांना मी ते सांगितले तेव्हा ते नुसते हसले. आणि सम संख्येची रीत अन्यायाची आहे असेही नाही. पुष्कळ हिशेबांत ती अधिक निष्पक्षपाती ठरते, कारण सगळे अर्धे एकाच बाजूला झुकत नाहीत. माझा आक्षेप इतकाच, की रीत बदलली हे खातेदारांना कोणी सांगितले नाही, कारण बदलणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

असाच आणखी एक नमुना. उणे सातला तीनने भागले तर बाकी किती? 'सी' भाषा उणे एक सांगते, 'पायथन' दोन सांगते. दोघींचे भागाकाराचे नियम वेगळे, आणि आपापल्या नियमाने दोघीही बरोबर.

पायथनवरून आठवले. आपल्या मराठीचा संबंध येतो म्हणून हे उदाहरण मला फार आवडते. या भाषेची तिसरी आवृत्ती २००८ च्या डिसेंबरात आली. ती दुसरीपेक्षा इतकी वेगळी होती की जुने प्रोग्राम तिच्यात जसेच्या तसे चालत ना. नाव एकच, तरी भाषांतर करावे लागले. त्यासाठी एक यांत्रिक साधनही दिले होते. तरी दुसरी आवृत्ती पूर्ण थांबायला १ जानेवारी २०२० उजाडला, म्हणजे अकरा वर्षे लागली. का लागली? एक मोठे कारण अक्षरे. 'मराठी' हा शब्द आजच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीने साठवून जुन्या पायथनला त्याची लांबी विचारली, तर तो १५ म्हणे, कारण तो साठवणीचे घटक मोजी. नवा पायथन ५ म्हणतो, कारण तो म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी चिन्हे मोजतो. पहिलीतले मूल ३ म्हणेल. यांतले चूक कोणते? आधी 'अक्षर' म्हणजे काय हे ठरवल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ते ठरवणे हा तर आमच्या भाषाविज्ञानाच्या तासाचा विषय! इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडलाच नसता. त्यांच्या साध्या शब्दांची तिन्ही उत्तरे एकच येतात.

वाच्यार्थाला धरून केलेले भाषांतर कसे असते याचेही उदाहरण सांगते. 'सी' या जुन्या भाषेत संगणकाच्या स्मृतीला थेट हात घालता येतो, आणि त्यातून धोकादायक चुका होतात. 'रस्ट' ही भाषा अशा चुका आधीच पकडण्यासाठी घडवली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील दार्पा या संस्थेने तर २०२४ मध्ये सी प्रोग्राम आपोआप रस्टमध्ये नेण्याचा संशोधन कार्यक्रमच हाती घेतला. पण त्याआधीपासून 'सीटूरस्ट' नावाचे एक साधन आहे. ते सीचा प्रोग्राम घेऊन रस्टचा देते, चालतोही अगदी पहिल्यासारखा. मात्र त्यात जागोजागी 'अनसेफ', म्हणजे असुरक्षित, असा शिक्का असतो. ज्या सुरक्षिततेसाठी घर बदलले तीच मागे राहिली! हे साधन करणाऱ्यांनी ते लपवलेले नाही. ही पहिली पायरी, पुढचे काम माणसाने करावे, असाच त्यांचा हेतू आहे. इंग्रजी वाक्याची मोडणी तशीच ठेवून मराठी शब्द बसवलेले उतारे आपण सर्वांनीच लिहिले आहेत आणि त्यावर बाईंची लाल शाईही पाहिली आहे. त्याचीच ही संगणकी आवृत्ती.

कधी कधी तर भाषाही बदलावी लागत नाही, नुसती जागा बदलली तरी पुरते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत फुटले. त्यातला दिशादर्शनाचा एक भाग आधीच्या एरियान-४ वरून तसाच घेतला होता. तिथे तो निर्धोक चालला होता. नवे अग्निबाण अधिक वेगळ्या मार्गाने, अधिक आडव्या वेगाने जाऊ लागले. ती मोठी संख्या ३२,७६७ च्या पलीकडे न जाणाऱ्या लहान रकान्यात घालण्याचा प्रयत्न झाला आणि सारे कोसळले. जुन्या अग्निबाणात ही संख्या इतकी मोठी होणारच नाही, हे गृहीत धरलेले होते. ते गृहीत नव्या घरी कोणी पुन्हा तपासले नाही. तात्यांचे शून्य आणि हे अग्निबाण यांची बरोबरी करणे हास्यास्पद आहे, पण दोन्हीकडे चूक एकाच जातीची आहे असे मला वाटते.

येथे माझी बी.सी.ए.ची मैत्रीण मला अडवते. तिचे म्हणणे, यावर उपाय आहेतच. जुना आणि नवा प्रोग्राम महिनाभर शेजारी शेजारी चालवावेत, दोघांची उत्तरे जुळवावीत. आकुल वाचन वगैरे कशाला? तिच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते मान्य करते. आमच्या संस्थेनेही दहा दिवस तसे केले होते. पण त्या दहा दिवसांत वीज गेली नाही! परीक्षेत काय विचारायचे हे कळायला विषय आधी कळावा लागतो. डोनाल्ड कनूथ यांनी पुस्तके छापण्यासाठी 'टेक' नावाचा प्रोग्राम केला. गणिताची कितीतरी पुस्तके त्यावर जुळवली जातात. तो मूळ पास्कल भाषेवर बेतलेला, आणि आज तो आपोआप सी भाषेत नेऊन वापरतात. हे रूपांतर वर्षानुवर्षे निर्वेध चालत आले आहे. त्याची मला दोन कारणे दिसतात. कनूथ यांनी 'ट्रिप' नावाची एक मुद्दाम वाकडी परीक्षा स्वत: तयार करून ठेवली. तीत जो उतरेल त्यालाच टेक म्हणवून घेता येते. दुसरे असे, की त्यांनी प्रोग्राम आणि त्याचे स्पष्टीकरण एकत्र गुंफून लिहिले, माणसाने पुस्तकासारखे वाचावे म्हणून. १९८४ साली त्यांनी या रीतीवर लेख लिहिला आणि तिला 'साक्षर प्रोग्रामलेखन' या अर्थाचे नाव दिले. चांदणीच्या ओळींना त्यांनी पंक्तीत मानाचे पान दिले असे म्हणता येईल.

असा लिहिणारा हजारांत एखादा. बाकीचे आपल्या डोक्यात ठेवतात आणि निवृत्त होतात. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे बेकारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. कोबॉल ही १९५९ साली आखलेली भाषा! जुने जाणणारी माणसे नोकरीत असतात तोवर त्यांना कोणी बोलावत नाही.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेने हे काम करूच नये काय? असे माझे म्हणणे नाही. तीन महिन्यांचे काम तीन दिवसांत होत असेल तर अवश्य व्हावे, गरीब संस्थांना ते परवडेल. पण वाचलेल्या दिवसांतला एक दिवस तरी तात्यांसारख्या माणसाजवळ बसायला खर्च व्हावा. शून्य कधी टाकता? का टाकता? दिवाळीत काही वेगळे करता का? हे प्रश्न विचारायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. आणि चांदणीच्या ओळी नव्या प्रोग्राममध्ये मराठीतच उतराव्यात, आता तर देवनागरीतही त्या लिहिता येतात. "बी.ए. करून काय करणार?" असे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारते. जुना मजकूर घेऊन बसणे, लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते ताडणे, न कळल्यास न कळले असे कबूल करणे, हे मी येथे शिकते आहे. त्याला बाजारात भाव मिळेल की नाही ते मला सांगता येत नाही. मी तो नवा प्रोग्राम दुरुस्त करू शकले नसते, हेही प्रांजळपणे सांगते. दुरुस्ती त्या गृहस्थांनीच केली, एका ओळीची.

आमचे २१६ रुपये पुढच्या पगारात जमा झाले. त्या तीन संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी दूध घातले होते त्या सर्वांचेच झाले. त्यानंतर त्या गृहस्थांचा मला फोन आला, "त्या कागदावर चांदणीच्या आणखी ओळी आहेत का?" एकूण ४१ निघाल्या. मी आणि तात्यांनी दोन रविवार बसून त्या वाचल्या. पुष्कळशा किरकोळ, काही आता निरुपयोगी. एक मात्र अशी : खाते ११२ ला कपात नाही, आण्णांना विचारणे. आण्णा संस्थेचे जुने चेअरमन, ते वारले. तात्यांना आठवत होते. त्या खात्यावरच्या बाईंचा नवरा अकाली गेला होता, तेव्हा पशुखाद्याची कपात त्यांच्या पगारातून करू नये असे आण्णांनी तोंडी सांगितले होते. आता त्या खात्यावर त्यांचा मुलगा दूध घालतो. त्याचा ट्रॅक्टर आहे. नव्या प्रोग्राममध्ये ती ओळ मुकाट्याने उतरली होती, आणि कपात अजूनही होत नव्हती.

ठेवू की काढू, असे त्या गृहस्थांनी मला विचारले. मी म्हटले, हे तुम्ही ठरवायचे नाही आणि मीही नाही. तात्यांनी तो प्रश्न संचालक मंडळापुढे ठेवला आहे. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातवा विषय आहे.